घवघवीत यशाचं इंग्रजी

‘घवघवीत’ या शब्दाला इंग्रजीत काय म्हणावं, यावर मी एकदा अख्खी दुपार घालवली होती. समोर एका खो-खो प्रशिक्षकांची फाईल होती आणि फाईलीत एका जिल्हा आवृत्तीचं पिवळं पडलेलं कात्रण : ‘राज्य स्पर्धेत मुलींचे घवघवीत यश’. ‘ग्रँड’ लिहिलं, खोडलं. ‘रिझाउंडिंग’ लिहिलं, ते देवळातल्या घंटेसारखं वाजायला लागलं. मराठी क्रीडापानावर यश घवघवीतच असतं, कामगिरी नेत्रदीपक असते आणि गावात मिरवणूक निघाली की ती जंगीच निघते. हे शब्द आपण वाचत नाही, त्यांच्यावरून नजर सरकवतो. पण माझं भाषांतर ज्याच्या टेबलावर जाणार होतं तो वाचक एकेका शब्दावर थांबणारा होता. अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्यातला अधिकारी. खो-खो कशाशी खातात हे त्याला ठाऊक नाही. त्याला एवढंच ठरवायचं होतं की या कात्रणातला माणूस आपल्या क्षेत्राच्या अगदी शिखरावर पोहोचलेल्या मोजक्या लोकांपैकी आहे की नाही.

अशा फाईलींची भाषांतरं करता करता मी या विषयात ओढला गेलो. मी वकील नाही. खेळाडू तर मुळीच नाही. शाळेत कबड्डीच्या संघात राखीव म्हणून घेतलं होतं, तेही अकरावा-बारावा कुणी मिळेना म्हणून. त्यामुळे संपादकांनी या संग्रहाला प्रस्तावना लिहायला सांगितलं तेव्हा आधी नाहीच म्हटलं. मग हस्तलिखित वाचलं. खेळाडू, प्रशिक्षक, नृत्यशिक्षक यांचे ‘असामान्य क्षमते’च्या वर्गातले अर्ज फेटाळले गेल्यानंतर झालेली अपिलं आणि काही न्यायालयीन खटले इथे मराठीत सारांशानं दिले आहेत. अपील कार्यालय निर्णय प्रसिद्ध करताना अर्जदाराचं नाव काळं करतं. म्हणून पानोपानी बिनचेहऱ्याची माणसं भेटतात : ज्युदोचा एक शिक्षक, तलवारबाजीचा एक प्रशिक्षक, बर्फावर नाचायला शिकवणारी एक बाई, टेबल टेनिसपटू, वुशूपटू. चेहरा नाही, पण आयुष्यभराची बक्षिसं, प्रमाणपत्रं आणि शिफारसपत्रं ओळीनं मांडलेली, आणि प्रत्येकाच्या खाली ते का पुरेसं नाही याचा परिच्छेद. एखाद्याच्या बैठकीतल्या शोकेससमोर परक्या माणसानं उभं राहून एकेक चषक उचलून तळाशी काय कोरलंय ते वाचावं, तसं वाटतं.

आधी कायदा, थोडक्यात. २९ नोव्हेंबर १९९० रोजी अध्यक्ष थोरल्या बुशनी सही केलेल्या इमिग्रेशन कायद्यानं नोकरीवर आधारित ग्रीन कार्डाचे वर्ग नव्यानं आखले. त्यांतला अगदी पहिला वर्ग विज्ञान, कला, शिक्षण, व्यवसाय आणि क्रीडा या क्षेत्रांत असामान्य क्षमता असलेल्यांचा. बोलण्यात त्याला ‘ईबी-वन-ए’ म्हणतात. त्याचं आकर्षण असं की मालक लागत नाही, नोकरीचं पत्र लागत नाही. माणूस स्वतःच स्वतःसाठी आय-१४० हा अर्ज करू शकतो, फक्त आपण तिथे जाऊन हेच काम पुढे चालू ठेवणार आहोत हे दाखवावं लागतं. हे ‘हेच काम’ पुढे फार महत्त्वाचं ठरणार आहे.

क्षमता सिद्ध करायचे मार्ग दोन. ऑलिंपिक पदकासारखा एखादा जगमान्य सन्मान असला तर तो एकटा पुरतो. नसला तर नियमात दिलेल्या दहा कसोट्यांपैकी निदान तीन उतराव्या लागतात. दहाच्या दहा इथे सांगत नाही; त्यांतल्या काही चित्रकार आणि शास्त्रज्ञांसाठीच आहेत. खेळाडूच्या कामाच्या म्हणजे राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय मान्यतेची बक्षिसं, निवडक लोकांनाच घेणाऱ्या संघटनेचं सभासदत्व, मोठ्या प्रसारमाध्यमांत स्वतःविषयी आलेला मजकूर, इतरांच्या कामाचं परीक्षण, क्षेत्राला दिलेलं मोठ्या महत्त्वाचं मौलिक योगदान, नामवंत संस्थेतली कळीची भूमिका आणि इतरांच्या तुलनेत मोठं मानधन.

वाचायला सोपं वाटतं. आता आपल्याकडची फाईल उघडू.

नियम म्हणतो, छापील मजकुराचं शीर्षक, तारीख आणि लेखकाचं नाव द्या. मराठी वृत्तपत्रातल्या क्रीडाबातमीला लेखक नसतो. तिथे ‘क्रीडा प्रतिनिधी’ असतो, ‘वार्ताहर’ असतो, फार तर ‘सकाळ वृत्तसेवा’ किंवा ‘लोकमत न्यूज नेटवर्क’ असतं. माणूस नसतोच. तारखेचं त्याहून अवघड. कात्रणं बहुधा आईनं किंवा बहिणीनं कापलेली असतात, आणि माया ही कात्रीला फार वाईट. फोटोच्या कडेनं इतकं नीट कापलेलं असतं की तारीख, वृत्तपत्राचं नाव, पानाचा क्रमांक सगळं रद्दीत गेलेलं. मग वाचनालयात जाऊन जुन्या फाईली चाळायच्या. एका खेळाडूच्या वडिलांनी तीन दिवस धूळ खाऊन एक अंक शोधून काढला होता, आणि बातमी निघाली फक्त त्या जिल्ह्याच्या आवृत्तीत. पुढचा प्रश्न तयारच : या आवृत्तीचा खप किती? संपूर्ण वृत्तपत्राचा लाखांत असेल, पण ही बातमी किती जणांपर्यंत गेली?

शिवाय मजकूर त्या माणसाविषयी असायला हवा. संघाच्या विजयाची बातमी, आत कुठेतरी आपलं नाव, एवढ्यावर भागेलच असं नाही. पोघोस काझारियन या भौतिकशास्त्रज्ञाच्या खटल्यानं २०१० साली या वर्गाच्या विचाराची रीत बदलली, त्याकडे येतोच. पण कात्रणांच्या बाबतीत खेळाडूंनी वाचावा असा खटला इराणच्या अफशिन नौरोझीचा. टेबल टेनिसपटू, २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये खेळलेला, आपल्या देशात पहिल्या क्रमांकाचा. न्यू यॉर्कच्या संघीय न्यायालयानं २०१२ साली त्याच्याविरुद्ध निकाल दिला. संघाविषयीच्या बातम्या त्याच्याविषयीच्या मानता येणार नाहीत हे खात्याचं म्हणणं मान्य झालं. आणि दुसरा घाव अंकगणिताचा : जागतिक क्रमवारीत तो २८४ वा होता. त्याला शिखरावरचा म्हणायचं तर त्याच्या वरचे २८३ जणही, एका खेळातले, शिखरावरचेच म्हणावे लागतील. मी हा निकाल प्रथम वाचला तेव्हा चरफडलो. देशात पहिला असणं म्हणजे काहीच नाही का? नंतर दोनदा वाचला आणि न्यायाधीशांना खोडून काढणारं वाक्य मला सुचलं नाही. अजून सुचलेलं नाही.

काझारियनच्या खटल्याचं थोडं सांगायला हवं, कारण या संग्रहातल्या २०१० नंतरच्या प्रत्येक निर्णयावर त्याची सावली आहे. त्याआधी खात्याचे अधिकारी पहिल्याच पायरीवर मनाच्या अटी घुसडत. नियमात ‘विद्वत्तापूर्ण लेख’ एवढंच असे, हे अधिकारी म्हणत, त्या लेखांना क्षेत्रात प्रतिसाद मिळाल्याचं दाखवा. नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयानं सांगितलं, नियमात नाही ते मागू नका. तीन कसोट्या भरतात का ते आधी नुसतं मोजा, आणि मग सगळा पुरावा एकत्र ठेवून हा माणूस खरोखर त्या मोजक्यांपैकी आहे का ते ठरवा. आधी मोजणी, मग तोलणी. काझारियन स्वतः हरला. त्याच्या दोनच कसोट्या भरल्या. खात्यानं मात्र ही दोन पायऱ्यांची रीत उचलली. परिणाम असा की पूर्वी जे नकार पहिल्या पायरीवर मिळत ते आता पुष्कळदा दुसऱ्या पायरीवर मिळतात. अर्जदाराला पत्रात आधी वाचायला मिळतं की तुमच्या तीन कसोट्या पूर्ण आहेत, आणि दोन पानांनंतर कळतं की तरीही तुम्ही नाही. नुसता नकार आलेल्या माणसापेक्षा असं पत्र आलेला माणूस जास्त दुखावलेला मी पाहिला आहे. मोजणीत पास झालो, मग तोलणीत काय कमी पडलं, हे त्याला कुणी नीट सांगत नाही.

खेळाडूंच्या बाबतीत हे तोलणं कसं असतं याचे जुने आणि गमतीदार नमुने नव्वदीच्या दशकातले आहेत. १९९४ साली झिंबाब्वेच्या निक प्राइस या गोल्फपटूचा अर्ज मंजूर करणारा निर्णय खात्यानं मार्गदर्शक म्हणून प्रसिद्ध केला. १९८३ ची वर्ल्ड सिरीज ऑफ गोल्फ, १९९१ ची कॅनेडियन ओपन आणि १९९१ या एकाच वर्षातली ७,१४,३८९ डॉलरची कमाई असा त्याचा पुरावा. गोल्फमध्ये पैसा हीच क्रमवारी, त्यामुळे तोलायला सोपं. पण सर्वोच्च लीगमध्ये खेळणारा म्हणून प्रत्येक व्यावसायिक खेळाडू या वर्गात बसतो असं नाही, ही खात्याची भूमिका १९९१ च्या नियमांच्या वेळचीच आहे आणि प्राइसच्या निर्णयाबरोबर ती आजही उगाळली जाते.

गोल्फ एकट्याचा. सांघिक खेळात काय करायचं? क्रेग म्युनी हा कॅनडाचा आइस हॉकीपटू. बचावफळीतला. एडमंटन ऑइलर्सकडून तीन स्टॅन्ली चषक जिंकलेला, पण गोल करणं हे त्याचं कामच नव्हतं. समोरून येणाऱ्याला अडवणं हे त्याचं काम. खात्यानं अर्ज फेटाळला. शिकागोच्या संघीय न्यायालयानं १९९५ साली तो नकार रद्द केला : पुरावा धड न वाचता, कारण धड न देता असा निर्णय देता येत नाही. आणि दुसऱ्या वर्षी त्याच न्यायालयापुढे स्टू ग्रिमसन आला. त्याची कथा एखाद्या विनोदी लेखकानं रचलेली वाटावी. ग्रिमसन हा ‘एन्फोर्सर’ होता. म्हणजे आपल्या संघातल्या कुशल खेळाडूला कुणी त्रास दिला तर हातमोजे फेकून त्याच्याशी मारामारी करणारा. नॅशनल हॉकी लीगमधल्या पूर्ण कारकिर्दीत त्यानं ७२९ सामन्यांत १७ गोल केले आणि २,११३ मिनिटं शिक्षेच्या बाकावर काढली. आता हा असामान्य क्षमतेचा खेळाडू की असामान्य दांडगोबा? न्यायालयानं म्हटलं, हे काम तुम्हाला आवडो न आवडो, त्या खेळात ती मान्यताप्राप्त जागा आहे, आणि त्या जागेवरच्या अव्वल दोन-चारांत तो आहे असा पुरावा असताना तो डावलता येणार नाही. हाच ग्रिमसन पुढे कायदा शिकून वकील झाला.

ग्रिमसनच्या निकालात माझ्या मते या सगळ्या विषयाची किल्ली आहे. क्षेत्र कोणतं, हे आधी ठरवा. शिखर नंतर शोधा. ‘हॉकी’ हे क्षेत्र धरलं तर ग्रिमसन तळाशी, ‘एन्फोर्सर’ हे धरलं तर शिखरावर. आपल्या मल्लखांबाचं घ्या. फेब्रुवारी २०१९ मध्ये मुंबईत मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा झाली, दादरच्या श्री समर्थ व्यायाम मंदिराच्या उदय देशपांडे यांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली, अमेरिकेतही मुलं खांबावर चढायला शिकताहेत. मल्लखांब हे वेगळं क्षेत्र मानलं तर शिखर डोळ्यांना दिसतं. पण अधिकारी उलट विचारणार : हे क्षेत्र इतकं लहान असेल तर शिखर म्हणजे टेकडीच नव्हे का? आणि मल्लखांब जिम्नॅस्टिक्सचा पोटप्रकार मानला तर मग तुलना कुणाशी? या प्रश्नाचं उत्तर फाईल तयार करणाऱ्यानंच आधी द्यायला हवं. बहुतेक फाईलींत ते नसतं, कारण ज्याला मल्लखांब म्हणजे काय हे लहानपणापासून ठाऊक आहे त्याला ते सांगायचं सुचतच नाही. कुस्तीगीराच्या फाईलीत महाराष्ट्र केसरीची गदा असते; ती गदा मिळाली की माणसाच्या मागे गावच्या गाव चालतं हे आपल्याला सांगावं लागत नाही. तिथे सांगावं लागतं. बक्षीस राज्याचं असून त्याला मान देशाचा आहे, हे कागदानं सिद्ध करावं लागतं.

आता त्या ‘हेच काम’कडे येऊ. या संग्रहातले निम्म्याहून अधिक निर्णय ज्या एका प्रश्नावर अडतात तो हा : खेळाडू म्हणून मोठा झालेला माणूस अमेरिकेत प्रशिक्षक म्हणून जाणार असेल, तर तो ‘तेच काम’ पुढे चालू ठेवतो आहे का?

प्रश्नाला पाय फुटले ते कोरियाच्या ली मान-सू याच्या खटल्यात. १९८२ साली कोरियात व्यावसायिक बेसबॉल लीग सुरू झाली, तिच्यातला पहिला होम रन त्याचा. त्या देशातल्या सर्वांत नावाजलेल्या खेळाडूंपैकी एक. शिकागो व्हाइट सॉक्स संघाला तो प्रशिक्षक म्हणून हवा होता. खात्यानं नकार दिला आणि २००२ साली शिकागोच्या न्यायालयानं नकार कायम ठेवला. तर्क असा : बेसबॉल खेळण्यातली असामान्य क्षमता म्हणजे बेसबॉलच्या धंद्यातल्या प्रत्येक कामातली, पंचगिरीतली, व्यवस्थापनातली, शिकवण्यातली असामान्य क्षमता नव्हे. या निकालाचा दाखला आजही प्रशिक्षकांच्या अपिलांत दिला जातो. आणि २००५ साली व्हाइट सॉक्सनी ८८ वर्षांनी वर्ल्ड सिरीज जिंकली तेव्हा त्यांच्या प्रशिक्षकांच्या ताफ्यात ली मान-सू होताच. त्यावरून निकाल चुकीचा होता असं सिद्ध होत नाही. पण वाचताना हसू येतं.

आपल्याकडच्या बहुतेकांना हा निकाल जुलमी वाटतो. मला तसा तो वाटत नाही, आणि याचं कारण अमेरिकेत नाही, दिल्लीत आहे. आपल्या सरकारनं १९६१ पासून खेळाडूंना अर्जुन पुरस्कार दिला आणि प्रशिक्षकांसाठी १९८५ साली वेगळा द्रोणाचार्य पुरस्कार काढला. पहिल्याच वर्षी पी. टी. उषाचे नंबियार आणि कुस्तीचे भालचंद्र भास्कर भागवत त्याचे मानकरी होते. म्हणजे ही दोन कामं वेगळी हे आपण स्वतःच नावानिशी मान्य केलंय, आणि तेही महाभारताच्या साक्षीनं. अर्जुन हा उत्तम धनुर्धर, म्हणून त्याच्याकडे शिष्य पाठवा, असं कुणी म्हटलेलं नाही.

उलट बाजूनं पाहिलं तर हे अधिकच पटतं. रमाकांत आचरेकर सर प्रथम दर्जाचा एकच सामना खेळले, स्टेट बँकेकडून. खेळाडू म्हणून त्यांची फाईल एका पानाची. आणि शिवाजी पार्कवर त्यांनी घडवलेली पोरं कोण, ते मी सांगायला नको. सरांनी असा अर्ज कधी केला नाही, करायची गरजही नव्हती. पण प्रशिक्षकाची फाईल म्हणजे काय, हे समजावून घ्यायला मी मनातल्या मनात त्यांची फाईल अनेकदा तयार केली आहे. बक्षिसं : १९९० चा द्रोणाचार्य, २०१० ची पद्मश्री. एक कसोटी भरली. मजकूर : ढिगानं, पण त्यातला बहुतेक सचिनविषयी, सरांचं नाव चौथ्या परिच्छेदात. मानधन : या कसोटीवर तर बोलायलाच नको. संघटनेचं सभासदत्व : काय दाखवणार? मौलिक योगदान : स्टंपवर ठेवलेलं एक रुपयाचं नाणं. दिवसभर बाद न होता खेळलास तर नाणं तुझं. सचिनपाशी अशी तेरा नाणी आहेत. आता हे ‘क्षेत्राला दिलेलं मोठ्या महत्त्वाचं मौलिक योगदान’ आहे हे अधिकाऱ्याला कसं पटवायचं? दुसऱ्या किती प्रशिक्षकांनी ही पद्धत उचलली, त्याचा पुरावा कुठाय, असं तो विचारेल. २०१३ साली बॉलरूम नृत्याच्या एका नर्तिकेच्या खटल्यात न्यायालयानं नेमकं हेच धरलं : तंत्र तुमचं असेल, पण संपूर्ण क्षेत्रावर त्याचा परिणाम झाल्याचं कुठे दिसत नाही.

एक फट मात्र आहे, आणि प्रशिक्षकांनी ती अधोरेखित करून ठेवावी. दहा कसोट्या ज्याच्या धंद्याला सरळ लागू पडत नाहीत त्याला त्यांच्या तोडीचा दुसरा पुरावा देता येतो. खात्याच्या जुन्या मार्गदर्शिकेत त्याचं उदाहरणच प्रशिक्षकाचं होतं : ज्याच्या मुख्य मार्गदर्शनाखाली खेळाडूनं ऑलिंपिक पदक मिळवलं तो प्रशिक्षक. सगळं ओझं ‘मुख्य मार्गदर्शना’वर आहे. आपल्याकडे खेळाडू शाळेत एका सरांकडे, जिल्ह्याला दुसऱ्यांकडे, राष्ट्रीय शिबिरात तिसऱ्यांकडे आणि जिंकल्यावर चौघांकडे शिकलेला असतो. पदकाच्या दिवशी हारतुऱ्यांना पुढे आलेल्यांतला मुख्य कोण?

दुसरी सवलत पुलाची. अलीकडेच खेळाडू म्हणून राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय कीर्ती मिळवलेल्यानं पुढे प्रशिक्षक म्हणूनही राष्ट्रीय पातळीवर ती टिकवली असेल, तर दोन्हींचा एकत्र विचार करून प्रशिक्षण हे त्याच्या क्षेत्रातच धरता येतं, असं खात्याचं धोरण सांगतं. माझी तक्रार इथे आहे. गुडघा गेल्यावर खेळाडू चटकन निवृत्त होतो; प्रशिक्षकाचं फळ मात्र दहा-दहा वर्षं दिसत नाही. आठ वर्षांची पोर मैदानात आणून सोडली तर ती राष्ट्रीय स्पर्धेत उतरेपर्यंत सरांची खेळाडू म्हणून असलेली कीर्ती ‘अलीकडची’ उरत नाही. दोन कामं वेगळी मानणं रास्त. पण मधल्या वर्षांत माणसानं काय दाखवायचं, याचं उत्तर कायद्याकडे नाही आणि या संग्रहातल्या कुठल्याही निर्णयात मला ते सापडलं नाही.

आता अपिलाविषयी. नकाराच्या निर्णयाच्या तारखेपासून तीस दिवस, तो टपालानं पाठवला असेल तर तेहेतीस. आय-२९०बी हा अर्ज आणि २०२४ पासून ८०० डॉलर शुल्क. अपील आधी ज्या कार्यालयानं नकार दिला त्याच्याकडेच जातं. ४५ दिवसांत त्यांना आपली चूक दिसली तर ठीक, नाहीतर फाईल प्रशासकीय अपील कार्यालयाकडे. हे न्यायालय नव्हे. तिथे सहसा सुनावणी नसते, साक्षीदार नसतात, उभं राहून ‘साहेब, मी करून दाखवतो’ म्हणायची सोय नसते. आयुष्यभर शरीरानं बोललेल्या माणसाला तिथे फक्त कागदानं बोलावं लागतं. हे कार्यालय सगळं प्रकरण नव्यानं तपासतं, खालच्या अधिकाऱ्याच्या मताला बांधलेलं नसतं. पण तपासायचं ते आधीच्या फाईलीतलंच. पूर्वी मागितलेला आणि तेव्हा न दिलेला कागद आता जोडला तर बाजूला ठेवला जाऊ शकतो. अर्ज केल्यानंतर मिळालेलं सुवर्णपदकही कामाचं नाही. पात्रता अर्जाच्या दिवशी असायला हवी. लोकांना वाटतं अपील म्हणजे परतीचा सामना. ते आहे झालेल्या सामन्याचं चित्रण, दुसऱ्या पंचानं पाहिलेलं.

मग नव्यानंच अर्ज का करू नये? इतर देशांच्या माणसाला पुष्कळदा वकील तेच सुचवतात. भारतीयाचं गणित वेगळं. नोकरीवर आधारित वर्षाला साधारण १,४०,००० व्हिसांपैकी हा वर्ग ज्यात येतो त्या अख्ख्या ईबी-वन गटाला २८.६ टक्के, कुटुंबीय धरून, आणि एका देशाला सात टक्क्यांची मर्यादा. २०२३ पासून भारतीयांसाठी या वर्गातही रांग लागलेली आहे. रांगेतली जागा मूळ अर्जाच्या तारखेवरून. अपील जिंकलं तर ती जुनी तारीख हातात राहते, नवा अर्ज केला तर रांगेच्या शेपटाशी. म्हणून हरायची शक्यता मोठी असूनही, आणि ती मोठीच आहे, अपील करणारे आपल्याकडे बरेच.

या रांगेमुळे एक नवा धंदाही उभा राहिला आहे, त्याविषयी दोन शब्द लिहिल्याशिवाय राहवत नाही. ‘प्रोफाइल बिल्डिंग’. पैसे भरा, पुरस्कार घ्या. पैसे भरा, तुमच्यावर लेख छापून आणतो. पैसे भरा, तुम्हाला परीक्षक नेमतो. भाषांतरासाठी माझ्याकडे अशी कात्रणंही येतात. ती ओळखायला वेळ लागत नाही : त्यांना लेखकाचं नाव असतं, तारीख असते, मजकूर नेमका त्या एकाच माणसाविषयी असतो आणि आत एकही सामना नसतो. खऱ्या खेळाडूच्या फाईलीत जे नेमकं नसतं ते सगळं इथे जागच्या जागी. असल्या फाईली वाचून वाचून अधिकाऱ्याची नजर गढूळ होते आणि भोगायला लागतं त्या खो-खोच्या सरांना.

चांगलं घडतच नाही असंही नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये खात्यानं आपल्या धोरणात स्पष्ट केलं की संघाला मिळालेलं बक्षीसही संघातल्या खेळाडूच्या खात्यावर धरता येतं. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला आणि भारताच्या दोन्ही संघांनी तो जिंकला. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार आपल्याकडचे. म्हणजे खो-खोपटूच्या फाईलीत ‘विश्वचषक’ हा शब्द आता खरोखर लिहिता येतो.

आणि हेही सांगून टाकतो की खेळाच्या जोरावर अमेरिकेत जाणं हा आपल्या खेळाडूंचा सरळ रस्ता कधीच नव्हता. जून २०२४ मध्ये डॅलसला पाकिस्तानविरुद्ध सुपर ओव्हर टाकून अमेरिकेला जिंकून देणारा सौरभ नेत्रावळकर आधी भारताच्या एकोणीस वर्षांखालच्या संघातून विश्वचषक खेळला होता, पण अमेरिकेला गेला तो कॉम्प्युटर शिकायला, कॉर्नेल विद्यापीठात. चेंडू त्याच्या सामानात मागाहून आला.

वाचकांनी हा संग्रह क्रमानंच वाचावा असं नाही. आधी ग्रिमसन वाचा, मग ली मान-सू, मग मधली बिननावाची माणसं. कायद्याची भाषा कोरडी आहे आणि संपादकांनी ती मुद्दाम ओली केलेली नाही, हे बरं केलं.

त्या खो-खोच्या सरांच्या फाईलीतलं शेवटचं कात्रण फोटोचं होतं. बारा मुली, गळ्यात पदकं, मधोमध चषक, बाजूला फेटे बांधलेले चार पुढारी. सर अगदी कडेला, अर्धा खांदा कात्रीत गेलेला. खाली ओळ : बाराही मुलींची नावं, आमदारांचं नाव, सभापतींचं नाव, आणि शेवटी ‘सोबत प्रशिक्षक व मान्यवर’. सरांनी फोन करून विचारलं, तिथे माझं नाव घालता येईल का हो, इंग्रजीत? नियम भाषांतर पूर्ण आणि अचूक असल्याची भाषांतरकाराची ग्वाही मागतो. मी ‘सोबत प्रशिक्षक व मान्यवर’ एवढंच भाषांतरित केलं आणि खाली सही केली.